रात्रींची वाटणी

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाकडे नोकरीखेरीज आणखी एक खातं असतं, पाहुण्यांना फिरवण्याचं. पगार नाही, रजा नाही. मे महिना लागला की नाशिक-पुण्याहून माणसं यायला लागतात आणि सगळ्यांची यादी एकच असते: शहर, नापाच्या द्राक्षबागा, योसेमिटी. हाताशी जेमतेम आठवडा, तिन्ही ठिकाणं तीन दिशांना आणि गाडी चालवणारा एक. हे खातं मी बरीच वर्षं एका ठरावीक तत्त्वावर चालवलं. मित्रांना, नातेवाइकांना, अगदी बागेत फिरायला आलेल्या अनोळखी मराठी आजोबांनाही ते पटवून दिलं. आता ते तत्त्व मला मान्य नाही. माझ्या जुन्या वेळापत्रकाच्या प्रती अजून लोकांच्या फोनमध्ये फिरत असतात, म्हणून मत का बदललं ते एकदा नीट लिहिलेलं बरं.

तत्त्व असं होतं की दिवसभर कुठेही भटका, रात्री घरी यायचं. फ्रीमॉन्टला आमचं घर आहे, वरची एक खोली पाहुण्यांचीच आहे, फ्रीजमध्ये कणीक मळलेली आहे. असं असताना हॉटेलात पैसे घालायचे आणि सकाळी थंड दूध नि मफिन खायचं हे मला पटायचं नाही. त्यामुळे वाटायचे ते दिवस. रात्री सगळ्या घरात जमा. शहराला तीन दिवस. गूगल, ॲपल वगैरे कंपन्यांच्या पाट्यांपुढे फोटो काढायला एक. योसेमिटीला एक, पहाटे चारपासून रात्रीपर्यंत. उरल्यासुरल्या अर्ध्या दिवसात नापा, तेही पाहुण्यांत मेहुणे किंवा मित्र असतील तर. वडीलधारी माणसं असली की नापा गाळायचंच. ‘दारू प्यायला इतक्या लांब कशाला,’ असं कोणी म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकायचो.

यात काटकसर होती, पण नुसती काटकसर नव्हती. शहर फसत नाही असं माझं म्हणणं होतं. धुकं आलं तर संग्रहालयात शिरा, पाय दुखले तर ट्राममध्ये बसा, भूक लागली तर शाकाहारी जेवण कुठेही मिळतं. १९३७ साली खुला झालेला गोल्डन गेट पूल नातेवाइकांनी सिनेमांत पाहिलेला असतो; त्यावरून चालल्याशिवाय अमेरिकेला आल्यासारखं त्यांना वाटत नाही. उलट धबधबा बघायला भंडारदरा आहेच की. आणि द्राक्षं नाशिकच्या माणसाला काय दाखवायची? मी स्वतः नाशिकचा, त्यामुळे हा शेवटचा मुद्दा मी फार अधिकारानं मांडायचो.

आता योसेमिटीच्या त्या एका दिवसाचा हिशेब. बायको तीनला उठून पोळ्या आणि बटाट्याची भाजी करायची. चारला गाडी निघायची. मँटिका, ओकडेल मागे पडून १२० नंबरचा रस्ता डोंगराला लागला की प्रीस्ट ग्रेडच्या वळणांवर मागच्या सीटवर कोणाला तरी मळमळायचं. जूनमध्ये खोऱ्यात पोचेपर्यंत गाड्या लावायच्या जागा भरत आलेल्या असायच्या. वर्षाला चाळीस लाखांच्या घरात लोक या उद्यानात येतात. उद्यान तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे, पण यातले बहुतेक जण जातात ते सुमारे बारा किलोमीटर लांब आणि दीड-एक किलोमीटर रुंद अशा एका खोऱ्यातच. मग टनेल व्ह्यू, ब्रायडलव्हेल धबधबा, डबे, योसेमिटी धबधब्याचा खालचा टप्पा, दुकानातून फ्रीजवर लावायचं चुंबक. चार वाजले की मी घड्याळ दाखवायचो, कारण घाट उजेडात उतरायचा. गाडीत आठ तास, खोऱ्यात आठ, त्यातला एक-दीड तास गाडी लावण्यात. परतताना मी सोडून सगळे झोपलेले. दुसऱ्या दिवशी कसं वाटलं विचारलं तर उत्तर यायचं, ‘छान आहे, आपल्या भंडारदऱ्यासारखं.’ मला त्यात माझं मत खरं ठरल्याचा आनंद व्हायचा.

हे गणित मोडलं ते भाच्यामुळे. तो पुण्याचा, शनिवार-रविवार सह्याद्रीत घालवणारा. कोणी तरी रद्द केलेलं आरक्षण पकडून त्यानं खोऱ्यातल्या करी व्हिलेजमध्ये एक मोठा तंबू मिळवला आणि ‘मामा, तुम्ही फक्त सोडायला या, मी बसनं परत येईन,’ असं जाहीर केलं. पोरगा परक्या देशात एकटा कसा राहील म्हणून आम्हीही राहिलो. निदान हेच कारण मी आजवर सांगत आलोय. तिथली अस्वलं खाण्याच्या वासानं गाडीचं दार उचकटतात, त्यामुळे खाण्याचं आणि वासाचं जे काही असेल ते तंबूबाहेरच्या लोखंडी कपाटात ठेवावं लागतं. आमचा भडंगाचा डबा, बेसनाचे लाडू, टूथपेस्ट आणि बायकोचं माक्याचं तेल अशी सगळी इस्टेट त्या कपाटात गेली. मी कुरकुरत होतो.

चार वाजले. ज्या वेळी मी आपली माणसं गाडीत कोंबायचो, त्या वेळी इतर लोक त्यांची कोंबताना दिसू लागले. तासा-दीड तासात खोरं ओसरलं. जूनमध्ये सूर्य आठनंतर मावळतो, आणि हाफ डोमचा तुटका कडा वायव्येला तोंड करून असल्यानं खोऱ्यात सावली पसरल्यावरही त्याच्यावर ऊन राहतं. या डोंगराचे फोटो आमच्या दिवाणखान्यात होते. हे ऊन मी इतक्या सहलींत एकदाही पाहिलं नव्हतं. जेवण झाल्यावर आम्ही एल कॅपिटनसमोरच्या कुरणात गेलो. तळापासून सुमारे नऊशे मीटर सरळ वर गेलेला तो कडा, आणि अंधारात त्यावर ठिकठिकाणी दिवे. चढणाऱ्यांच्या कपाळावरच्या बॅटऱ्या. बहुतेकांना तो कडा चढायला काही दिवस लागतात आणि रात्री ते कड्यालाच टांगलेल्या खाटेवर झोपतात. १९५८ साली तो पहिल्यांदा सर झाला. २०१७ मध्ये ॲलेक्स होनोल्डनं दोर न वापरता चार तासांच्या आत सर केला. भाचा या सगळ्या वाटांची नावं सांगत होता. माझं डोकं वेगळ्याच गोष्टीत अडकलं होतं: ही माणसं दिवसाही तिथेच असणार, पण त्या अवाढव्य करड्या भिंतीवर ती नुसत्या डोळ्यांना सापडत नाहीत. ती दिसायला अंधार पडावा लागतो, आणि अंधार पडायच्या आत माझी गाडी ओकडेलला असायची.

सकाळी सहाला गाडीतळ रिकामा होता. भाचा मिस्ट ट्रेलनं व्हर्नल धबधब्याकडे गेला आणि गर्दी चढू लागली तेव्हा उतरूनही आला. आम्ही दोघं फुकटच्या शटल बसनं फिरलो, गुडघ्यांना जमेल तेवढं कुरणात चाललो. बायकोला तीनला उठावं लागलं नव्हतं, हे तिनं दिवसभरात अनेकदा सांगितलं.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला इथला दगड कळायलाही वेळ लागतो. आपले कडे लाव्ह्याच्या थरांचे. ब्रह्मगिरी पाहा, हरिहर पाहा, आडव्या रेषा मोजता येतात. एल कॅपिटनचा ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर सावकाश थिजलेला, वय दहा कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा बराच जुना. त्याला थर नाहीत. वरचं ओझं झिजून गेल्यावर इथल्या घुमटांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटत गेले, आणि खोरं खरवडून रुंद केलं हिमनद्यांनी. ग्लेशियर पॉइंटवरून हे सगळं एका नजरेत समजतं. पण तिथे जायला तासभर, यायला तासभर. एका दिवसाच्या सहलीत तो कधी बसलाच नाही. १९०३ च्या मे महिन्यात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट निसर्गलेखक जॉन म्यूर यांना घेऊन या उद्यानात आले तेव्हा तीन रात्री उघड्यावर झोपले होते, त्यातल्या एका रात्री ग्लेशियर पॉइंटजवळ त्यांच्यावर बर्फ पडला. देशाच्या अध्यक्षाला तीन रात्री काढता आल्या. मी मात्र मेहुण्याला चार वाजता घड्याळ दाखवत होतो.

द्राक्षबागांबद्दलचं मत बदलायला आत्या यावी लागली. आत्या पिंपळगाव बसवंतची. घरची निर्यातीची बाग, सगळं आयुष्य छाटणी, विरळणी आणि डावणी-भुरी या रोगांशी झगडण्यात गेलेलं. दारूला स्पर्श नाही, त्यामुळे माझ्या नियमाप्रमाणे तिच्या वेळापत्रकात नापा नव्हतं. मुलांच्या बोलण्यातून तिला सुगावा लागला. म्हणाली, ‘द्राक्षाचा मुलूख इथं जवळ आहे आणि तू मला पूल कसला दाखवतोस रे?’

तिथे ती वाइनची चव देतात त्या खोलीत पाच मिनिटंही बसली नाही. थेट वेलींच्या ओळीत शिरली आणि विचारायला लागली. खुंट कोणता? मांडव का नाही केला? एका काडीला इतकेच घड का ठेवलेत? डावणीला काय फवारता? आम्हाला फिरवणारा तरुण ओकच्या पिंपांची माहिती पाठ करून आलेला होता. त्यानं बागेत काम करणाऱ्या एका मुकादमाला बोलावून आणलं. तो मूळचा मेक्सिकोचा. दोघांच्या मध्ये दुभाषा म्हणून मी उभा, आणि शेतीचे मराठी शब्द इंग्रजीत सांगताना माझीच तारांबळ.

तिथून पुढे तासाभरात मला जे कळलं ते आधीच्या सगळ्या अर्ध्या-अर्ध्या दिवसांत कळलं नव्हतं. इथे उन्हाळाभर पाऊस पडत नाही, म्हणून डावणीची भीती जवळजवळ नाही. भुरी मात्र आहे आणि तिच्यावर गंधकच मारतात. ते ऐकून आत्याला एकदम घरच्यासारखं वाटलं. इथली वेल थंडीत झोपते, त्या झोपेत एकदा छाटली की वर्षाचं छाटणीचं काम झालं. नाशिकची वेल थंडीअभावी झोपतच नाही, म्हणून आपल्याला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशी दोनदा कात्री चालवावी लागते. इथली काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबर, आपली जानेवारी ते मार्च. आत्याचं संकट अवकाळी आणि गारपीट. मुकादमाचं संकट आग. २०२० च्या वणव्यांत ज्या बागा जळल्या नाहीत त्यांच्याही द्राक्षांत धूर मुरला आणि कित्येकांनी त्या वर्षीची लाल वाइन केलीच नाही. हे ऐकल्यावर आत्या म्हणाली, ‘म्हणजे यांचंही आपल्यासारखंच, पीक घरात येईस्तोवर काही खरं नाही.’

खुंटाची गोष्ट तर आमच्याच घरची निघाली. मुळं कुरतडणारी फायलोक्सेरा नावाची कीड एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फ्रान्सला गेली आणि तिनं तिथल्या बागा उद्ध्वस्त केल्या; त्या वाचल्या त्या अमेरिकन जंगली वेलींच्या खुंटावर कलम करून. कॅलिफोर्नियालाही त्या किडीनं सोडलं नाही. १९८० नंतर एक लोकप्रिय खुंट तिच्यापुढे टिकेना आणि नापातले हजारो एकर उपटून पुन्हा लावावे लागले. आत्याच्या बागेतला डॉगरिज खुंट मूळचा टेक्सासचा. त्याच्यावर बांधलेलं थॉमसन हे वाण तसं तुर्कस्तान-इराणकडचं, पण ज्या थॉमसनचं नाव त्याला चिकटलं तो १८७० च्या दशकात इथून दोन-अडीच तासांवरच्या युबा सिटीजवळ शेती करणारा माणूस. त्या थॉमसनमधूनच तासगावकडे पुढे तास-ए-गणेश निवडलं गेलं. नाशिकच्या माणसाला द्राक्षं काय दाखवायची, असं मी विचारत असे. नाशिकच्याच माणसाला ती दाखवायला हवीत, असं आता माझं मत आहे.

आत्याचा शेवटचा प्रश्न मला जास्त लागला. हायवेच्या कडेनं एवढी सपाट जमीन, जवळ एवढं मोठं शहर, मग इथे प्लॉट का पाडले नाहीत? उत्तर असं की नापा काउंटीनं १९६८ सालीच खोऱ्यातली जमीन शेतीसाठी राखीव करून तिचे लहान तुकडे पाडायला बंदी घातली. तेव्हा शेतकऱ्यांतच त्यावर भांडणं झाली. आज एकराचा भाव काय, हे आत्यानं विचारलं आणि मुकादम नुसता हसला.

वाइनबद्दल बोलायचं तर १९७६ साली पॅरिसमध्ये लेबल झाकून घेतलेल्या चाचणीत नापाच्या दोन वाइन फ्रेंच वाइनच्या पुढे गेल्या, तेव्हापासून हे खोरं जगाच्या नकाशावर आलं आणि महागही होत गेलं. आता तीन-चार घोटांच्या चवीला चाळीस-पन्नास डॉलर सहज लागतात आणि वेळ आधी ठरवावी लागते. दिवसात चार ठिकाणं गाठणं हा पैशांचा आणि जिभेचा दोन्हींचा अपव्यय आहे. तिसऱ्या ठिकाणी कोणालाच काही कळत नसतं. दोन पुरे, आणि त्यातलं एक वेलींमधून फिरवणारं असावं. मला विचाराल तर नापापेक्षा सोनोमा. तिथे गावाला चौक आहे, चौकात झाडं आहेत, १८२३ मध्ये स्थापन झालेलं ख्रिस्ती मिशन आहे, आणि तुमच्याकडे कोणी गिऱ्हाईक म्हणून फार निरखून बघत नाही. नाशिकच्या वाइनचा धागाही तिकडेच जातो: राजीव सामंत स्टॅनफर्डमध्ये शिकून, इथल्या ओरॅकलमधली नोकरी सोडून नाशिकला परतले आणि ‘सुला’ ही वाइन कंपनी उभी करताना त्यांनी मदतीला घेतले ते सोनोमाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की.

आणि रात्र? इथेही एक रात्र लागते, पण एकच. एक कारण उघड आहे: गाडी चालवणाऱ्यालाही चव घ्यायची असते. मी इतकी वर्षं पाण्याची बाटली धरून कडेला उभा राहिलो आहे, त्यामुळे या मुद्द्यावर मला तटस्थपणे बोलता येत नाही. दुसरं कारण काढणीच्या दिवसांतलं. सप्टेंबरमध्ये द्राक्षं थंड असतानाच तोडतात, म्हणजे रात्री. मध्यरात्रीनंतर ओळींमधून ट्रॅक्टरवरचे मोठे दिवे फिरत असतात, माणसं पळत-पळत घड कापत असतात, आणि उजाडेपर्यंत माल आत गेलेला असतो. अकराला उठून येणाऱ्या पर्यटकाला यातलं काहीच दिसत नाही. मात्र चवीच्या खोल्या चार-पाचला बंद होतात, त्यामुळे दुसरी रात्र उरते ती महागड्या जेवणासाठी. ज्यांना त्याची हौस आहे त्यांनी करावी. आमच्या घरात ती परंपरा नाही.

शहराची दोन वाक्यांत बोळवण करता येणार नाही, कारण माझं प्रेम आटलेलं नाही. त्याचा वाटा तेवढा कमी झालाय. शहर बघायला दिवस लागतात तितक्या रात्री लागत नाहीत. मुंबईच्या मानानं ते लवकरच निजतं. पियर ३९ वरचे समुद्रसिंह आणि त्याभोवतीची दुकानं यांना मी पूर्वी अर्धा दिवस द्यायचो, आता तासभर देतो. कंपन्यांच्या पाट्या यादीतून गेल्या. त्याऐवजी मेसन रस्त्यावरच्या केबल कार संग्रहालयात नेतो. ते फुकट आहे, आणि १८७३ पासून चालत आलेल्या या गाड्यांना ओढणारा पोलादी दोर तिथे मोठ्या चाकांवरून धावताना दिसतो. गाडीला स्वतःचं इंजिन नाही, ती रस्त्याखालच्या दोराला चिमट्यानं धरून चालते, हे आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना पटकन कळतं. मराठी पाहुण्यांना वुड स्ट्रीटवरच्या गदर स्मारकापाशीही नेतो, उघडं आहे का ते आधी विचारून. १ नोव्हेंबर १९१३ ला ‘गदर’ या भारतीय क्रांतिकारकांच्या वृत्तपत्राचा पहिला अंक याच शहरातून निघाला. त्या चळवळीच्या सुरुवातीच्या लोकांत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, जे पुढे मेक्सिकोत नावाजलेले कृषिशास्त्रज्ञ झाले. आणि तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे होते, ज्यांना १९१५ च्या नोव्हेंबरात कर्तारसिंग सराभांबरोबर लाहोरला फाशी दिलं. पुलावर फोटो काढणारी माणसं इथे जरा वेळ गप्प उभी राहतात.

शहरात प्यायचं पाणीही योसेमिटीचं आहे, हे मला तिथे राहिल्यावर समजलं. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत शहर जळालं, पाण्याच्या नळ्या फुटलेल्या होत्या. त्यानंतर दूरच्या खात्रीच्या पाण्याची मागणी जोरात आली. उद्यानातलंच ‘हेच हेची’ नावाचं दुसरं खोरं धरणाखाली घालायला १९१३ च्या डिसेंबरात कायद्यानं परवानगी मिळाली, म्यूर अखेरपर्यंत विरोधात होते, आणि १९२३ मध्ये धरण उभं राहिलं. ते पाणी अडीचशेहून जास्त किलोमीटर उतारानं वाहत येतं. आमच्या फ्रीमॉन्टच्या नळालाही त्यातलं थोडं येतं. मी त्या पाण्यानं वर्षानुवर्षं चहा करून घेतला आणि ते जिथून येतं तिथे एक रात्र काढायला तयार नव्हतो.

आता विरोधी बाजू, कारण ती माझीच जुनी बाजू आहे आणि ती पुरती खोटी नाही. पैसे लागतात. खोऱ्यातल्या हॉटेलच्या खोल्या महाग आहेत. कापडी तंबू स्वस्त, पण स्नानगृह सामायिक आणि रात्री शेजारच्याचं घोरणं फुकट. बाहेर राहायचं तर एल पोर्टल सगळ्यांत जवळ, मारिपोसा तासाभरावर आणि तुलनेनं परवडणारं. तिथून खोऱ्यात बसही येते. ओकहर्स्टहून खोरं दीड तास दूर, म्हणजे पुन्हा गाडीतच दिवस. ज्यांच्या गुडघ्यांना किंवा पोटाला घाट सोसत नाही अशा ज्येष्ठांना तीन रात्रींसाठी तिकडे ओढू नये. त्यांना सोनोमा आणि शहर पुरेसं आहे, हे मी अजूनही म्हणतो. फोनला तिथे नीट रेंज नसते. काहींना हे संकट वाटतं, काहींना सुटका. निघण्यापूर्वी आपण कोणत्या गटात मोडतो ते पाहावं.

ऋतू बघूनही वाटणी हलवायला हवी. आपल्याकडची माणसं शाळेच्या सुट्टीमुळे मे-जूनमध्ये येतात, तेव्हा बर्फ वितळून धबधबे ओसंडत असतात आणि वेलींवर नुकता फुलोरा असतो. एक रात्र योसेमिटीकडे जास्त द्यावी. ऑगस्टअखेर योसेमिटी धबधबा बहुतेक वर्षी आटलेला असतो आणि बागा भरात असतात; तेव्हा उलट. जुलैत शहरात स्वेटर लागतो. आतल्या सपाट मुलखात तापलेली हवा वर चढते आणि तिच्या जागी समुद्रावरची थंड हवा गोल्डन गेटच्या फटीतून आत ओढली जाते, तिच्याबरोबर धुकं. पूल दिसायचा असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर बरा.

सात रात्री असतील तर मी आता अशा लावतो: आधी शहराच्या तीन, गाडीशिवाय. भारतातून आलेल्याचं घड्याळ साडेबारा-साडेतेरा तासांनी फिरलेलं असतं, अशा अवस्थेत त्याला घाटात गाडी चालवायला देऊ नये. गाडीत सामान ठेवून शहरात हिंडणं तसंही सुरक्षित नाही. मग भाड्याची गाडी घेऊन योसेमिटीच्या तीन, आणि परतताना बागांची एक. योसेमिटीहून नापा-सोनोमाही साधारण चार तासांवरच आहे, त्यामुळे वळसा पडत नाही. पाचच रात्री असल्या तर बागा गाळाव्यात आणि त्याची हळहळ करू नये. योसेमिटीच्या मात्र दोनच्या खाली जाऊ नका. एका दिवसात जाऊन येण्यापेक्षा न गेलेलं बरं.

खोऱ्यातल्या खोल्या वर्षभर आधी भरायला लागतात. तंबू लावायच्या जागा पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला इथल्या सकाळी सातला खुल्या होतात आणि उन्हाळ्यातल्या जागा काही मिनिटांत संपतात. उन्हाळ्यात प्रवेशाचं आरक्षण लागतं की नाही हा नियम वर्षागणिक बदलतो, तो त्याच वर्षी तपासावा. तेव्हा आधी योसेमिटीच्या रात्री पक्क्या करा, विमानाचं तिकीट त्यानंतर काढा. आणि तुमच्याकडे माझं जुनं वेळापत्रक असेल, तर ते पुढे पाठवू नका.